ज्याचं नाव नस्तीत नसतं

कोणत्याही सरकारी संवर्गाचे सेवाप्रवेश नियम उघडून पाहा. किती टक्के पदं सरळसेवेनं भरायची आणि किती पदोन्नतीनं, खालच्या पदावर किती वर्षांची नियमित सेवा हवी, कोणती अर्हता, कोणती विभागीय परीक्षा, हे सगळं एकेका नियमात बांधलेलं असतं. आणि मग बहुधा शेवटाकडे एक छोटा नियम असतो. त्याचे शब्द संवर्गागणिक थोडे बदलतात, आशय साधारण तोच राहतो: वर काहीही म्हटलेलं असलं तरी, सेवेच्या निकडीसाठी आवश्यक वाटल्यास, किंवा नियम जसाच्या तसा लावल्यानं कर्मचाऱ्यांना विनाकारण झळ पोचत असल्यास, शासनाला कारणं नोंदवून, आणि जिथं लागू असेल तिथं लोकसेवा आयोगाशी विचारविनिमय करून, यातली तरतूद शिथिल करता येईल.

मंत्रालयातली माझी जवळजवळ सगळी नोकरी आस्थापनेच्या कार्यासनांवर गेली. सहायक म्हणून रुजू झाले, कक्ष अधिकारी झाले, अव्वर सचिव म्हणून निवृत्त झाले. विभाग बदलत गेले, पण पदोन्नतीचा विषय सुटला नाही. ज्येष्ठता यादी, तिच्यावरच्या हरकती, बिंदुनामावली, गोपनीय अहवाल, विभागीय पदोन्नती समितीची बैठक, निवडसूची, पदस्थापना या कामांना ठरलेली वाट आहे. पायाखालची झाली की माणूस डोळे मिटूनही चालतो. शिथिलतेच्या नस्तीला, म्हणजे फाइलीला, तशी वाट नाही. तिथं कार्यासनावर बसलेल्यालाच आधी ठरवावं लागतं की नियम कुठं चुकतोय आणि माणूस कुठं चुकतोय. त्या ठरवण्याची किंमत लांबच्या जिल्ह्यातलं कुणीतरी मोजतं.

खाजगी नोकरीतल्या नातेवाइकांना मी हे सांगायला गेले की ते विचारतात, एका पदोन्नतीचं एवढं काय? सरकारी नोकरीत शिरलेल्या लिपिकाच्या आयुष्यात पदोन्नत्या दोन येतात, फार तर तीन. निवृत्तीचं वय ५८. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या जुन्या निवृत्तिवेतन योजनेतल्या माणसाचं निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनावर ठरतं, त्याच्या पश्चात बायकोला मिळणारं कुटुंबनिवृत्तिवेतनही त्यावरच. म्हणजे ५६ व्या वर्षी एक आदेश निघाला की नाही, याचा हिशेब त्या घरात पुढची वीस-पंचवीस वर्षं चालतो. कुणी म्हणेल, पगाराची सोय तर केलीच आहे. १ ऑक्टोबर १९९४ पासून कालबद्ध पदोन्नतीची योजना आली, पुढं आश्वासित प्रगती योजना आली, एकाच पदावर १२ वर्षं काढलेल्याला वरची वेतनश्रेणी मिळू लागली. चांगलीच गोष्ट झाली. पण वेतनश्रेणी वरची आणि खुर्ची तीच, सहीचा अधिकार तोच, पाटीवरचं पद तेच. तीस वर्षं कार्यालय ओढणाऱ्या माणसाला आपण राजपत्रित अधिकारी म्हणून निवृत्त व्हावं असं वाटत असेल, तर त्या वाटण्याला मी कधी हलकं मानलं नाही.

शिथिलतेचा अधिकार मला खऱ्या अर्थानं कळला तो एका विभागातल्या कार्यालय अधीक्षकांच्या प्रकरणात. या विभागाची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत होती. अधीक्षकांमधून प्रशासकीय अधिकारी, गट ब राजपत्रित, या पदावर पदोन्नती व्हायची. त्यासाठी अट तीन वर्षांची नियमित सेवा आणि विभागीय परीक्षा उत्तीर्ण. अट वाजवी होती. प्रशासकीय अधिकाऱ्याला लेखासंहिता, कोषागाराचे नियम, शिस्त व अपील नियम ठाऊक असायलाच हवेत. अडचण अशी की ही परीक्षा काही वर्षं झालीच नव्हती. आधी अभ्यासक्रम सुधारायचा म्हणून थांबली. सुधारित अभ्यासक्रम मंजूर होईपर्यंत परीक्षा कुणी घ्यायची यावर पत्रव्यवहार सुरू झाला. तो मिटत आला तेव्हा करोना आला.

दरम्यान पदं रिकामी होत होती. एकेका अधिकाऱ्याकडं दोन-दोन जिल्ह्यांचा अतिरिक्त कार्यभार. काही ठिकाणी ज्येष्ठ अधीक्षकच ते काम बघत होते, देयकं तपासत होते, सेवापुस्तकं पडताळत होते, फक्त सही दुसऱ्या जिल्ह्यातून येणाऱ्या साहेबांची लागायची. ते साहेब आठवड्यातून एकदा यायचे. निवृत्त कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतन प्रकरणं त्या एका दिवसासाठी खोळंबून राहायची. ‘सेवेची निकड’ हे शब्द टिपणीत आपण इतके सहज लिहितो. मला त्यांचा अर्थ त्या थांबलेल्या प्रकरणांत दिसला.

विदर्भातून रात्रीची रेल्वे पकडून एक अधीक्षक आले होते. पास काढून दुपारनंतर वर आले. पंचावन्न ओलांडलेली होती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सेवापुस्तकाच्या प्रती. बसा म्हटलं तरी बसेनात.

“मॅडम, मी नापास झालो असतो तर तुमच्यापुढं उभा राहिलो नसतो,” ते म्हणाले. “परीक्षाच झाली नाही. मग मी पास कुठं व्हायचं?”

या प्रश्नाला नियमात उत्तर नव्हतं. नियमाच्या शेवटच्या कलमात होतं.

आमच्या कार्यासनानं प्रस्ताव तयार केला. परीक्षेची अट शिथिल करून, खास बाब म्हणून, अधीक्षकांना पदोन्नती द्यावी, असा. उपसचिवांनी तो वाचला आणि मला बोलावलं. हे अधिकारी कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते मसुद्यावर पेन्सिलीनं लिहून बोलायचे. त्यांनी ‘खास बाब’ या शब्दांखाली रेघ मारली होती.

“खास बाब कुणा एकाची असते. ही अख्ख्या संवर्गाची आहे,” ते म्हणाले. “आणि मला सांगा, यांना बढती दिली तर यादीत नुकसान कुणाचं होतं?”

“सर, पदं रिकामीच आहेत. कुणाचंच नाही.”

“बघा एकदा. शिथिलतेच्या नस्तीत ज्याला हवंय त्याचं नाव पहिल्याच पानावर असतं. ज्याचं जातंय त्याचं नाव कुठल्याच पानावर नसतं, कारण त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नसतं की अशी नस्ती चालू आहे. तो माणूस शोधून आणा, मग टिपणी लिहू.”

आम्ही १ जानेवारीची ज्येष्ठता यादी घेतली आणि प्रत्येक नावापुढं लिहीत गेलो: परीक्षेला बसायला पात्र कधी झाले, त्यानंतर परीक्षा किती वेळा झाली, बसले का, निकाल काय. जिल्ह्यांकडून माहिती मागवावी लागली. काही कार्यालयांनी चटकन दिली, काहींना स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं गेली. माहिती हाती आली तेव्हा एका यादीतून तीन वेगळे गट दिसू लागले. पहिल्यांना पात्र झाल्यापासून परीक्षेची एकही संधी मिळालेली नव्हती. दुसऱ्यांना परीक्षा बंद पडण्याआधी संधी मिळाली होती, पण ते बसले नव्हते किंवा अनुत्तीर्ण झाले होते. आणि तिसरे, थोडेच, पण होते: ज्येष्ठतेत खाली असलेले, शेवटच्या परीक्षेला बसून उत्तीर्ण झालेले. बहुतेक तरुण; लग्न, लहान मुलं, बदलीचं गाव हे सगळं सांभाळून रात्री पुस्तकं घेऊन बसलेले. अट जशीच्या तशी ठेवली असती तर पुढच्या निवडसूचीत नाव यांचं होतं. सरसकट शिथिल केली असती तर ते सगळ्यांच्या खाली गेले असते, आणि आपला अभ्यास कोणत्या आदेशानं वाया गेला हे त्यांना आदेश निघाल्यावरच कळलं असतं.

उपसचिवांना हवा असलेला माणूस हा होता.

या तिसऱ्या गटावर मी बराच वेळ विचार केला आहे, निवृत्तीनंतरही. सरकार नियम करतं तेव्हा ते कर्मचाऱ्याला एक शब्द देत असतं: हे कर, मग तुझा विचार होईल. पदोन्नती मिळणं हा हक्क नसतो. पण नियमानुसार विचार होणं हा अनुच्छेद १६ खालचा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ च्या अजित सिंग प्रकरणात स्पष्ट केलं. ज्यानं शब्द पाळून परीक्षा दिली त्याच्यापुरतं तरी सरकारला तो मोडता येऊ नये. आणि ज्याला परीक्षा देण्याची संधीच मिळाली नाही, त्याच्याकडं पाहून तू शब्द पाळला नाहीस असंही सरकारला म्हणता येऊ नये. या दोन्ही गोष्टी एकाच आदेशात बसवायच्या होत्या.

दुसरा गट त्यामानानं सोपा वाटला होता. संधी होती, घेतली नाही, सूट नाही. पण तपशिलात गेल्यावर तिथंही माणसं निघाली. एका अधीक्षकांनी लिहून पाठवलं की परीक्षेच्या तारखांना त्यांची निवडणुकीच्या कामावर नेमणूक होती, परीक्षेसाठी मोकळं करावं असा अर्ज त्यांनी केला होता आणि तो नाकारला गेला. सोबत नाकारल्याच्या पत्राची प्रत. याला संधी म्हणायचं का? मी म्हटलं, नाही. कार्यासनावरचे सहकारी म्हणाले, मग उद्या प्रत्येकजण अशी कारणं आणेल. आणू देत, मी म्हटलं, पण कागद आणावा लागेल, त्याच काळातला, वरिष्ठांच्या सहीचा. असे कागद फार थोड्यांकडं निघाले. ज्यांच्याकडं निघाले त्यांना आम्ही पहिल्या गटात धरलं आणि का धरलं ते प्रत्येकाच्या नावापुढं लिहिलं.

प्रस्ताव शेवटी असा झाला. ज्यांना संधीच मिळाली नव्हती त्यांच्यापुरती परीक्षेची अट शिथिल करावी. पदोन्नतीनंतर होणाऱ्या पहिल्या दोन परीक्षांत त्यांनी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर मूळ पदावर परत यावं. आणि परीक्षा उत्तीर्ण असलेल्यांपैकी जे सेवेच्या अटीनं पात्र आहेत त्यांना याच निवडसूचीत घ्यावं, पदं मोजकी पडली तरी त्यांची जागा धरून ठेवावी. पूर्ण समाधान कुणाचंच झालं नाही. सूट मिळालेल्यांना परत पाठवण्याची अट टोचली. उत्तीर्ण झालेल्यांना वाटलं, परीक्षा न देणारा आमच्यावर बसला. दुसऱ्या गटातल्या काहींनी निवेदनं दिली, त्यातली दोन-तीन मला पाठही झाली होती. तरी प्रत्येकाला आपल्याला काय मिळालं आणि का, हे आदेशात वाचता येत होतं.

सामान्य प्रशासन विभागाकडून आणि विधी व न्याय विभागाकडून नस्ती परत आली, मग लोकसेवा आयोगाकडं गेली. आयोगाला विचारणं म्हणजे वेळकाढूपणा, असं मंत्रालयात सर्रास म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. आयोगानं आम्हाला जे विचारलं त्यातला एक मुद्दा आमच्या इतक्या मोठ्या टिपणीत कुणालाच सुचला नव्हता: परीक्षा आता कधी घेणार? पुढच्या परीक्षेचं वेळापत्रक जोडलेलं नसेल तर आज मागितलेली सूट उद्याही मागावी लागेल, हे त्या एका ओळीत होतं. वेळापत्रक ठरवायला लावलं गेलं. अभ्यासक्रमाचा घोळ, जो वर्षानुवर्षं सुटत नव्हता, आयोगाला उत्तर द्यायचं म्हणून सुटला.

धरणाला सांडवा असतो तो पुरासाठी. शेताला पाणी रोज सांडव्यावरून द्यायला लागलं तर कालवा बांधणाऱ्याला जाब विचारायला हवा. शिथिलतेचं असंच आहे, आणि आपल्याकडं तो जाब क्वचित विचारला जातो. एकाच संवर्गात तीच अट दर दोन वर्षांनी शिथिल होत असेल तर चूक अटीत आहे, नियमच बदला. नियम बदलला की त्याचा मसुदा सगळे वाचतात, संघटना बोलतात, अधिसूचना निघते, आणि तो सर्वांना सारखा लागू होतो. शिथिलता नस्तीत होते, आणि नस्ती सगळ्यांना दिसत नाही.

उत्तर प्रदेशानं २००६ मध्ये वेगळी वाट घेतली. पदोन्नतीसाठी लागणाऱ्या किमान सेवेत सूट देण्याचेच नियम त्यांनी केले: पुरेसे पात्र कर्मचारी नसतील तर अर्हताकारी सेवेत ५० टक्क्यांपर्यंत सूट. मर्यादा ठरलेली, सगळ्यांना ठाऊक, वशिल्याची गरज कमी. मला ही पद्धत आवडते, आणि थोडी धास्तीही वाटते. सहा वर्षांची अट असलेल्या पदासाठी तीन वर्षांत माणूस मिळू शकतो हे एकदा माहीत झालं की सहा वर्षांचा आग्रह कोण धरणार? मर्यादा हीच मग सवय होते. पण उघड सवय चोरून दिलेल्या सवलतीपेक्षा बरी, असं माझं मत झालं आहे.

चोरून दिलेल्या सवलतीजवळ जाणारी नस्तीही माझ्यापुढं आली. दुसरा विभाग, दुसरं पद. एक अधिकारी तीन वर्षांच्या सेवेत काही महिन्यांनी कमी पडत होते. वरचं पद रिकामं झालं होतं, शिफारशीचं पत्र सोबत होतं, आणि टिपणीत ‘सेवेची निकड’ हे शब्द आधीच टंकलेले होते. मी पदाची माहिती मागवली. पद त्याआधी वर्षभर रिकामं होतं आणि वर्षभर कुणाला निकड वाटली नव्हती. त्या पदासाठी पदोन्नती दोन संवर्गांतून व्हायची. दुसऱ्या संवर्गातल्या एक महिला अधिकारी त्याच सुमारास पात्र होणार होत्या, आणि एकत्रित ज्येष्ठतेत त्या वर होत्या. आजच सूट दिली तर पद जाणार. थांबलं तर दोघांचाही विचार होणार. त्या बाईंचं नाव नस्तीत नव्हतं. मी ते घातलं, त्यांच्या पात्रतेच्या तारखेसह, आणि टिपणी वर सादर केली. मला बोलावून विचारण्यात आलं की हे लिहायची गरज होती का. मी म्हटलं, लिहिलं नसतं तर ते न्यायाधिकरणात त्यांच्या वकिलानं लिहिलं असतं. नस्ती चर्चेसाठी म्हणून परत आली आणि पडून राहिली. यथावकाश समितीपुढं दोघांचीही नावं गेली.

याचा अर्थ एका माणसासाठी सूट कधीच देऊ नये असा मी घेत नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली, वरच्या मजल्यांवरचे असंख्य कागद जळाले. त्यानंतर ज्यांचे गोपनीय अहवाल किंवा मूळ आदेश मिळेनात, अशांच्या बाबतीत अट धरून बसणं हा निव्वळ क्रूरपणा झाला असता. तिथं जिल्हा कार्यालयातल्या प्रती, पगारपत्रकं, बदलीचे आदेश यांवरून सेवा पुन्हा उभी केली, आणि जे उभं करता येत नव्हतं त्याला सूट मागितली. एका माणसापुरतीच. हरयाणाच्या अभियंत्यांच्या जे. सी. यादव प्रकरणात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिथिलतेच्या अधिकाराचा हेतू असाच सांगितला: नियमाच्या काटेकोर अंमलानं विनाकारण होणारा त्रास दूर करणं, एखाद्या विशिष्ट परिस्थितीला न्याय्य तऱ्हेनं सामोरं जाणं.

न्यायालयांनी दुसरी बाजूही तितकीच ठामपणे मांडली आहे. भारतीय पोलीस सेवेच्या सय्यद खालिद रिझवी प्रकरणात १९९२ मध्ये त्यांनी सेवेच्या शर्ती आणि सेवेत येण्याच्या अटी यांत फरक केला: शर्तीतली झळ कमी करता येईल, निवडीची मूळ अटच सूट म्हणून उडवता येणार नाही. जम्मू-काश्मीरच्या अभियंत्यांच्या सूरज प्रकाश गुप्ता प्रकरणात, २००० मध्ये, तात्पुरत्या पदोन्नत्या मागच्या तारखेपासून सरसकट नियमित करणारी घाऊक सूट न्यायालयानं नाकारली. विधी विभागाच्या अभिप्रायांत ही नावं वारंवार यायची. नवीन सहायकांना मी सांगायची, नुसतं नाव उतरवू नका, निकाल वाचा. त्यात प्रत्येक वेळी कुणीतरी बरीच वर्षं वाट पाहिलेला असतो.

आपल्या राज्यातला सर्वांत महत्त्वाचा निकाल अभियंत्यांचाच आहे. सरळसेवेनं आलेले आणि पदोन्नतीनं आलेले, यांच्या ज्येष्ठतेचा वाद. आधी १९७७ चं पटवर्धन प्रकरण, मग वर्ग दोनच्या सरळसेवा अभियंत्यांच्या संघटनेचं प्रकरण, ज्यात घटनापीठानं मे १९९० मध्ये निकाल दिला. त्यात एक तत्त्व असं आहे की नियमांनी कोट्यात सूट देण्याचा अधिकार दिलेला असेल आणि कोटा प्रत्यक्षात मोडला गेला असेल, तर सामान्यपणे सूट दिली गेली होती असं गृहीत धरावं. वर्षानुवर्षं पदोन्नतीच्या पदावर घाम गाळलेल्या माणसांना कागदातल्या त्रुटीसाठी खाली ढकलू नये, ही त्यामागची भावना मला मान्य आहे. पण आस्थापनेत बसून हे वाचताना मला वाईट वाटत असे. न्यायालयाला गृहीत धरावं लागलं, कारण प्रशासनानं लिहून ठेवलं नव्हतं. कोटा मोडला त्या वर्षी कुणी कारण नोंदवून, आयोगाला विचारून, तसा आदेश काढला असता तर दोन्ही बाजूंची माणसं आपल्या उमेदीची वर्षं न्यायालयाच्या तारखांवर घालवत बसली नसती. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, १९९१ मध्ये सुरू झालं. मुंबई, नागपूर, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) इथं त्याची पीठं. ‘मॅटमध्ये गेलंय’ हे वाक्य आमच्याकडं रोजचं होतं. तिथं गेलेल्या पदोन्नतीच्या ज्या नस्त्या माझ्या हातून गेल्या, त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांत मूळ निर्णय चुकीचा नव्हताच. त्याचं कारण लिहिलेलं नव्हतं.

म्हणून ‘पूर्वोदाहरण म्हणून गणण्यात येऊ नये’ हे शिथिलतेच्या आदेशातलं ठरलेलं वाक्य मला कधी पटलं नाही. कारण खरं असेल तर तसंच कारण असलेल्या पुढच्या माणसाला ती सूट मिळालीच पाहिजे. समानतेचा अर्थ तोच. आणि पुढच्याला देता येणार नाही असं कारण असेल, तर सूट आजच्याला तरी का द्यावी? माझ्या कारकिर्दीत मी या वाक्याऐवजी सूट कोणत्या परिस्थितीत दिली हे मोजून-मापून लिहायचा आग्रह धरला. काही सचिवांनी ते ठेवलं, काहींनी जुनं वाक्य परत घातलं. शिथिलतेचा प्रत्येक आदेश, कारणांसह, शासनाच्या संकेतस्थळावर इतर शासन निर्णयांसारखा यावा आणि ज्येष्ठता यादीतल्या प्रत्येकाला तो वाचता यावा, ही मागणी मी निवृत्त झाल्यावर संघटनांच्या बैठकांत करत असते.

अधीक्षकांचा आदेश निघाला. जिल्ह्यांत माणसं रुजू झाली, अतिरिक्त कार्यभार सुटले. पण नस्ती चार ठिकाणांहून फिरून येईपर्यंत जे निवृत्त झाले त्यांच्यापर्यंत ती पोचली नाही. विदर्भातले ते गृहस्थ त्यांतले एक. निवृत्त माणसाला मानीव दिनांक, म्हणजे मागच्या तारखेपासून धरलेली पदोन्नती, मिळू शकतो, पण त्यासाठी तो सेवेत असताना त्याच्या कनिष्ठाला पदोन्नती मिळालेली असावी लागते. इथं तोवर कुणालाच मिळाली नव्हती. अन्याय सगळ्यांवर सारखा झाला होता, त्यामुळं नियमाच्या दृष्टीनं त्यांच्यावर झालाच नव्हता. मी तशी टिपणी पाठवून पाहिली, नाकारली गेली, आणि नियमात पाहिलं तर नाकारणं बरोबर होतं. तेव्हापासून माझ्याकडून गेलेल्या अशा प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर यादीतल्या सर्वांच्या निवृत्तीच्या तारखा जायच्या, सर्वांत जवळची सर्वांत वर, म्हणजे नस्ती ज्याच्या टेबलावर असेल त्याला दिसावं की आपल्याकडं किती दिवस आहेत.

त्या गृहस्थांनी पदोन्नतीसाठी पुन्हा अर्ज केला नाही. त्यांनी माहितीच्या अधिकारात एक अर्ज केला: परीक्षा कोणकोणत्या वर्षी झाली नाही, प्रत्येक वर्षी न होण्याचं कारण काय, आणि तो निर्णय कोणत्या स्तरावर झाला. उत्तर द्यायला जुन्या नस्त्या काढाव्या लागल्या. वर्षवार तक्ता तयार झाला. काही वर्षांपुढं कारणाचा रकाना कोराच राहिला, कारण कुणी तसा निर्णय घेतल्याची नोंदच सापडली नाही. परीक्षा ‘न घेण्याचा’ निर्णय झालेला नव्हता. ती नुसतीच झाली नव्हती. तक्त्याची एक प्रत त्यांनी टपालानं कार्यासनाकडं पाठवली, पुढच्या वेळी असा प्रस्ताव गेला तर सोबत जोडावी म्हणून. वर्षभरात त्याच विभागातल्या दुसऱ्या एका संवर्गाचा प्रस्ताव आला, तिथंही परीक्षा थांबली होती. तो तक्ता आम्ही परिशिष्ट म्हणून जोडला, आणि टिपणीत शिथिलतेच्या मागणीच्या आधी पहिला परिच्छेद लिहिला तो परीक्षेच्या तारखेचा.